हंबाईंचा टेस्टर

हंबाईंकडे म्हणे एक टेस्टर होता. समोर बसलेल्या पोराच्या कपाळाला त्या तो टेकवायच्या. दिवा लागला की पोराचं डोकं शॉर्ट आणि वर्गातून नाव कट. वायरमनच्या वर्गात ही बातमी पसरवणारा टेपच होता, हे आधीच सांगितलेलं बरं. कोणाचाही आवाज एकदा ऐकला की घशात भरून घ्यायचा आणि मागेल त्याला वाजवून दाखवायचा, म्हणून तो टेप.

टेस्टर होता, एवढं खरं. पण तो टेबलफॅनसाठी. फॅनला हात लागला की झिणझिण्या यायच्या, आणि वायरमन घडवणाऱ्या संस्थेत तो दुरुस्त करायला कोणालाच सवड नव्हती. आठवड्यातून दोनदा बाई जुन्या स्टोअररूममध्ये बसत. दारावर पेंटिंगच्या पोरांनी ‘समुपदेशन’ऐवजी ‘समूह उपदेशन’ रंगवून ठेवलं होतं, त्यामुळे आत एकटं गेलं तरी उपदेश घाऊकच मिळतो, असा सगळ्यांचा समज. बाई तर उपदेश सोडाच, धड वाक्यही बोलत नसत. पूर्वी त्या दवाखान्यात मलमपट्टी करायच्या. तिथे माणसं जखम दाखवतात आणि घरचं सांगत बसतात, हे बघून बाईंनी केस पिकल्यावर पुन्हा शिकायला घेतलं आणि इकडे आल्या. डबा उघडताना, चष्मा पुसताना, समोरचं पोर रडताना त्यांचं एकच पालुपद: “हं... मग?” म्हणून हंबाई. हे बारसंही टेपनेच उरकलं होतं.

आणि त्याच टेपला सरांनी तिकडे धाडलं. कारण मेन स्विच. वायर सोलणं, सांधणं, बोर्ड भरणं सगळं झकास. मेन ऑन करायची वेळ आली की गड्याचे हात लटलट कापायचे. पोरांनी हसायच्या आत हा सरांच्या आवाजात स्वतःलाच झापायचा. तोंडघशी पडण्याआधी तोंड चालवायचं, हा त्याचा खानदानी नसलेला धंदा. पण प्रॅक्टिकल तोंडावर आलं होतं आणि परीक्षक काही टाळ्या वाजवायला येत नसतो. सीट फुकटची होती. नापास झालं की मामाच्या वखारीत पोती उचलायची.

आत शिरल्यावर टेपने बाईंना बोलूच दिलं नाही. सर झाले, मामा झाला, वॉचमनचा खोकला झाला, जनरेटरही सुरू होऊन बंद पडला. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, “मेनचा आवाज येतो का रे काढता?”

त्यात काय एवढं. टेपने तोंड उघडलं. ‘खट्’ काही निघेना. जनरेटर गिळलेला हा बहाद्दर एका खटक्याला अडला. मग खटक्याऐवजी भलतंच बाहेर आलं. बाबा चिडून घरी आले की आधी मेन पाडायचे. खट्. अंधार. त्यानंतर काय व्हायचं ते आई आणि हा, दोघांनाच ठाऊक. बाबा घर सोडून गेले, खटका मागे राहिला.

बाई “हं” म्हणाल्या. ‘मग’ आलंच नाही.

सरांना माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं. छे. त्यापेक्षा पोती बरी. आणि लगेच टेप आपल्या मूळ पदावर आला. “तुमची नक्कल करतो बाई. वर्कशॉपात पोरं गडाबडा लोळतील.”

“नाही लोळली तर?”

“म्हणाल ते.”

“तर हे सरांना सांगायचं. तुझ्या आवाजात. आणि लोळली, तर सगळ्यांदेखत टेस्टर मी माझ्या कपाळाला लावून घेते.”

म्हणजे बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती तर.

मधल्या सुट्टीत टेप कोणाचा तरी चष्मा नाकावर ओढून स्टुलावर बसला. समोर पहिलवानाला बसवलं. वर्गातला सगळ्यांत आडदांड, दुसऱ्यांच्या डब्यांवर पोसलेला. टेपने मान तिरकी केली, नेमका तेवढाच थांबला आणि म्हणाला, “हं... मग?”

खसखस पिकली. पहिलवानही हसला, आणि हसता हसता बोलून गेला, “मग काय. होस्टेलात दिवा मालवला की छातीत धडधडतं. झोपच येत नाही.”

खसखस विरली. टेपला पुढचा विनोद आठवेना. आठवलं ते इतकंच की अशा वेळी बाई गप्प बसतात, म्हणून तोही बसला. आयुष्यात पहिल्यांदाच. कोपऱ्यातून कोणीतरी पुटपुटलं, “माझंही तसंच होतं.” लोळलं कोणी नाही. नक्कल इतकी हुबेहूब वठली की साफ आपटली.

पैज ती पैज. सरांसमोर उभं राहिल्यावर सवयीने आधी सरांचाच आवाज निघाला. सरांनी डोळे वटारले. मग टेपचा स्वतःचा आला. वापरात नसल्याने गंजलेला, मध्येच फाटणारा. ज्याने गावभर आवाज वाटले, त्याच्या वाट्याला हा बेडूक. “सर, मेनचा खटका ऐकला की माझे हात कापतात. घरी...” पुढचं त्याने जमेल तसं सांगितलं.

सर इन्सुलेशन टेप बोटाला गुंडाळत, सोडत ऐकत राहिले. “परीक्षेत मेन तुलाच ऑन करावा लागेल,” ते म्हणाले. “तोवर रोज वर्ग सुटल्यावर थांबायचं. त्या बोर्डाचा सप्लाय बंद ठेवू. आधी नुसता आवाज.”

त्या संध्याकाळी टेपने खटका दाबला. हात कापलाच, पण खटका पडला आणि वर्कशॉपात कुठेही अंधार झाला नाही.

बाई पुन्हा आल्या तेव्हा झिणझिण्या थांबाव्यात म्हणून तो त्यांच्या फॅनला अर्थिंग द्यायला गेला आणि त्याने हरल्याचं कबूल केलं. बाईंनी मुकाट्याने टेस्टर पुढे केला. टेपने तो स्वतःच्या कपाळाला टेकवला. दिवा काही लागला नाही.

वर्गात मात्र त्याने लागला म्हणूनच सांगितलं.