तळघरातली रेघ

पांढुर्ण्याच्या आमच्या घराला तळघर आहे. त्याच्या उत्तरेच्या भिंतीवर, फरशीपासून वीतभर उंचीवर, एक आडवी रेघ आहे. गिलावा ओला असताना थापीच्या कोपऱ्याने ओढलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओढणारा मिस्त्री आता नाही. मी मात्र कित्येक वर्षं त्या रेघेशी भांडत आलो.

मी मालधक्क्यावर संत्र्याच्या पेट्या उचलून वर आलेला माणूस. पुढे सौंसरकडचे बगीचे झाडावर फळ असतानाच विकत घेऊ लागलो. बगीच्यात शिरलो की मी फळ नंतर बघतो, आधी बुंधा बघतो. बुंध्याशी पाणी साचत असेल तर सालीतून डिंक गळतो. तो नखाने खरवडून मालकाला दाखवायचा आणि गप्प उभं राहायचं. भाव आपोआप खाली येतो.

घर बांधतानाही मी तसाच उभा राहिलो. मिस्त्री म्हातारा होता, खोकायचा फार, बोलायचा कमी. पाया भरताना म्हणाला, "भाऊ, वरच्या अंगाचं सारं पाणी इकडेच येते. भिंतीच्या बाहेरून मुरूम भरू, त्याच्यात छेदाचा पाइप टाकू आन खाली नाल्याकडे काढून देऊ. तळघर कोरडं राहीन."

"मिस्त्री, तुम्ही घर बांधून राहिले का धरण?"

मजूर हसले. तो हसला नाही. "पाणी इचारून येत नाही, भाऊ."

"काम वाढवायचे हे धंदे मले शिकवू नका. मुरूम नाही, पाइप नाही. माझ्या वावरातली माती आणून टाकतो."

"काळी माती भिंतीले नका लावू," एवढं बोलून तो कामाला लागला.

तेव्हा आंबिया बहाराचे सौदे चालू होते. चार दिवस मी सौंसरलाच होतो. परत आलो तोवर पायाच्या बाहेरचा खड्डा बुजला होता. कशाने, ते मी पाहिलं नाही. शेवटच्या दिवशी तळघरात उतरलो तर भिंतीवर ही रेघ.

"हे काय?"

"खूण आहे."

"कशाची?"

त्याला खोकल्याची उबळ आली. ती थांबायच्या आत माझा पारा चढला होता. नव्या भिंतीला डाग लावला म्हणून मी सगळ्या मजुरांसमोर नको ते बोललो. पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नका, हेही बोललो. त्याने थापी पुसली, थैलीत टाकली आणि पायऱ्या चढून गेला.

पुढच्याच आठवड्यात मी ट्रॉल्या भरून काळी माती आणली. मी घेतलेल्या पहिल्या वावराची माती. ती उत्तरेच्या भिंतीला टेकवून थापली आणि त्यात संत्र्याचं कलम लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते झाड दाखवत होतो.

तिसऱ्या पावसाळ्यात ओल आली. नेमकी रेघेपासून खाली. वरची भिंत खडखडीत कोरडी. चुना मारला, रंग मारला, तरी पाऊस लागला की रेघ पुन्हा उठून दिसायची. मिस्त्रीने डूख धरून तिथे भिंत पोकळ ठेवली, हे मी सगळ्या बाजारात सांगत फिरलो. त्याच्या कानावर गेलंच असणार. तो माझ्या दारात आला नाही. पुढे तो वारला. मी मातीला गेलो नाही.

त्या वर्षी तळघरात घोट्याएवढं पाणी भरलं. माल हलवायला उतरलो तर भिंतीच्या बाजूने आवाज आला. टक, टक. थापीने वीट ठोकतात तसा. रिकाम्या कॅरेटवर थेंब पडत असेल म्हणून मी कॅरेट उचलून वर नेलं. परत आलो. आवाज तिथेच होता. मधेच थांबायचा, माणूस खोकायला थांबतो तेवढा वेळ.

गेल्या वर्षी त्या भिंतीची भेग चढत चढत स्वयंपाकघरापर्यंत आली. बायको भेगेत बोट घालून म्हणाली, "लोकाच्या बगीच्यात बुंध्याले पाणी लागलं म्हणून भाव पाडता. आपल्या घराचा बुंधा पाह्यला का कधी? पुढच्या पावसाळ्यात मी या भिंतीखाली उभी राहणार नाही. सांगून ठेवते."

म्हणून या वैशाखात मी खोदायला घेतलं, आणि मुद्दाम त्या मिस्त्रीच्या पोराला बोलावलं. तोही आता मिस्त्री आहे, लेकरंबाळं असलेला. बापाची लबाडी त्याने आपल्या डोळ्यांनी बघावी, हा माझा हेतू होता.

उन्हाने काळी माती अशी फाटली होती की भेगेत कोपरापर्यंत हात जात होता. भिंतीलगत पाण्यासाठी मीच वाट करून ठेवली होती. झाड तोडलं. दोन हात खाली काळी माती संपली आणि लाल मुरूम लागला. मुरुमात गिट्टी, गिट्टीत छेदाचा पाइप, नाल्याकडे उतरता. भिंत कुठे पोकळ नव्हती.

पोरगा पाइपाच्या मागे मागे खोदत गेला. नाल्याकडचं तोंड माझ्या वाहून आलेल्या मातीने गच्च बुजलेलं होतं आणि आत संत्र्याच्या मुळ्या केसांसारख्या भरलेल्या. त्याने गुंता ओढून काढला. आतून कुजकं पाणी बराच वेळ येत राहिलं.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"हाव काकाजी. ते रेघ पाइपाची आहे. आतून रेघ तिथं बाहेरून पाइप. कधी बुजला तर खोदणाऱ्याले समजलं पाह्यजे, असं बाबा म्हणे. पाइप दुसऱ्या कामावरचा उरला होता."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

तो हातावरची माती झटकत राहिला. "बाबा म्हणे, सांगितलं तर भाऊ उपटून टाकायले लावन. नाहीतर त्याच्यातही भाव करन."

मला राग आला. खरंच आला. पण ज्याच्यावर काढायचा तो माणूस नव्हता.

आता भिंतीपासून चार हात बाहेर उतार दिला आहे आणि काळी माती वावरात परत टाकली आहे. बायको त्याच भिंतीखाली पोळ्या लाटते. यंदा झड लागली तेव्हा मी खाली उतरलो आणि रेघेच्या खाली तळहात ठेवला. कोरडं. कॅरेट नाही, थेंब नाही. तरी टक, टक चालूच होतं.

त्याने सांगायला हवं होतं, असं मी अजून म्हणतो. बायको म्हणते, तुम्ही विचारायला हवं होतं. पण मी विचारलं होतं. कशाची खूण, म्हणून विचारलं होतं. तो खोकत होता.

आवाज मधेच थांबतो तेव्हा मी आता वर जात नाही. पायरीवर बसून राहतो, त्याचं होईपर्यंत.