त्याले काढते कोण?

लाखनीतले आमचे शेजारी, भातगिरणीवाले, बोलायचे कमी. तळहातावर तंबाखू मळत ऐकायचे आणि मधूनच "बरं, मंग?" म्हणायचे. त्या "मंग"नं माझ्यासारख्या मास्तराला चेव यायचा.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीनंतर रेडिओवर बातमी होती, जगातल्या देशांच्या सभेला नवा सरचिटणीस ठरत नव्हता. मी समजावलं, "पाच मोठ्या देशांतल्या एकानंही नाही म्हटलं का माणूस बाद."

"बरं, मंग? एकदा बसला का त्याले काढते कोण?"

"काढाचा नियमच नाही, भाऊ."

त्यांचा मळता अंगठा थांबला.

त्याच आठवड्यात मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकाच्या कमिटीची बैठक होती. वर्षानुवर्षं अध्यक्ष हे गिरणीवालेच. यंदा यांना उतरवून मला बसवायचं ठरलं होतं. विषय निघताच हे म्हणाले, "गुरुजी, जगाच्या सभेत कसं राह्यते, सांगा ना सगळ्याईले."

मी उठलो आणि रंगलो. "काढाचा नियमच नाही" यावर टाळ्या पडल्या, तेव्हा आठवलं, यांच्या जागी बसणारा मीच होतो.

घरी येताना ते हळूच म्हणाले, "एक राह्यलं, गुरुजी. त्याले दुसऱ्यांदा बसवता येते का?"

"येते ना," मी म्हणालो, आणि कसं ते फाटकापर्यंत समजावत गेलो.