मोटरमामांची थोरली आणि धाकटी

"थोरलीला अंघोळ घातली, धाकटी उन्हात उभी आहे," असं मोटरमामा बोलू लागले की नव्या माणसाला वाटायचं, यांना दोन मुली. मूलबाळ नव्हतं हो त्यांना! थोरली म्हणजे वडिलांनी इंग्रजांच्या काळात घेतलेली ऑस्टिन, आणि धाकटी म्हणजे स्वातंत्र्यानंतर मामांनी स्वतः घेतलेली मॉरिस मायनर. मामा माझ्या यजमानांचे मामा. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर.

दोघींची तुलना सुरू झाली की मामांच्या पेल्यातली कापी थंड व्हायची. "थोरलीला हँडल मारून उठवायचं, आणि वळताना हात आपण बाहेर काढायचा. धाकटी बटण ओढलं की जागी, आणि वळताना स्वतःचा इवलासा हात, दिव्याची पट्टी हो, दाराशेजारून बाहेर काढते!" मग चांगली कोणती, असं विचारलं की रागवायचे. "पोरींबद्दल असं विचारतात होय?"

गल्लीत नव्या मारुती येऊ लागल्या त्याच सुमारास मामांची नजर गेली. पार अंधार नाही, पण डॉक्टरांनी गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलं. मामा रोज दोघींना नुसतं पुसत बसायचे. मग एकदा मला हाक मारली.

"गे, तू शीक."

"अय्यो मामा, पन्नाशीला आले मी!"

"थोरली साठीची आहे. ती कुरकुर करते का?"

शिकवलं थोरलीवरच. क्लच जरा चटकन सोडला की ती टुणकन उडी मारायची. मामा शेजारी बसून म्हणायचे, "पाय उचलू नकोस. झोपलेल्या बाळाखालून हात काढतेस ना, तसा काढ." तशी जमली.

दोन्ही गाड्या सांभाळणं आता होणार नव्हतं. मद्रासचा जुन्या गाड्यांचा एक शौकीन दोघींपैकी एक विकत मागत होता. वडिलांची आठवण म्हणून थोरली राहणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. मामा मात्र म्हणाले, "दोघींतून एकेकदा पापनाशमपर्यंत ने मला. मग सांगतो."

एका रविवारी थोरली नेली, पुढच्या रविवारी धाकटी. परतल्यावर मामा म्हणाले, "थोरली जाऊ दे."

"माझं काही चुकलं का मामा?"

"नाही गे. झोकात चालवलीस. पण तिला सांभाळता सांभाळता तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही. धाकटीत तुझी टकळी सुरू. भात पिवळं पडलंय, कालव्यात पोरं डुंबतायत, म्हशीवर बगळा बसलाय... मला सगळं दिसलं."

थोरली गेली त्या दिवशी मामा तिच्या बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. पण पुढच्या रविवारी धुतलेलं धोतर नेसून धाकटीत आधीच बसलेले!

असे कितीतरी रविवार गेले. एकदा मी म्हटलं, "मामा, समोरून बस येतेय."

"ते मला ऐकू आलं. खिडकीत कोण बसलंय ते सांग."

आता मामा नाहीत. धाकटी आहे, मीही आहे. बस दिसली की आधी खिडक्यांकडे नजर जाते. परवा एका खिडकीत आईच्या मांडीवरून एक बाळ बाहेर बघत होतं, डोक्यावर भलं मोठं लोकरीचं टोपडं, तेही आपल्या तंजावूरच्या उन्हात! शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून मी मोठ्याने सांगून टाकलं.