अप्पांचा एक उरतोच

गेल्या रविवारी आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये पत्ते मोजण्यावरून भलताच गोंधळ झाला... आणि त्यात माझी पार जिरली. पण इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

झालं असं, की पुढच्या महिन्यात ऑफिसची मंडळी गोव्याला निघाली आहेत. मी कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळणार अशी हवा आधीच करून ठेवली होती, त्यामुळे व्हिडिओ बघून पत्ते मोजायला शिकणं भाग होतं. "गृहपाठ करून जुगार खेळणारा पहिलाच माणूस बघतेय," इति बायको.

पद्धत तशी सोपी. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता पडला की अधिक एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी सोडून द्यायची, आणि दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की वजा एक. बेरीज वाढत गेली की मोठे पत्ते अजून आत आहेत असं समजायचं. अख्खा कॅट संपला की उत्तर शून्य यायला हवं... आलं तर तुम्ही पास.

सरावाला जोडीदार हवा म्हणून अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, समोर बसवलं. अप्पा मूळचे वणीकडचे, शेती आणि मेंढीकोट यातच हयात गेलेली. पण दिवाळीपासून त्यांनी सोसायटीच्या बाकावर खेळायला जाणं बंद केलं होतं. एकदा भर डावात हुकूम कोणता तेच विसरले, सगळे हसले... आणि आपलं डोकं गेलं, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं.

तेव्हापासून नुसते खिडकीत बसून असायचे. मला त्यांच्या त्या गप्प बसण्याची खरंच भीती वाटायला लागली होती.

पहिलं घोडं अडलं दश्शीपाशी. मेंढीकोटात दश्शी म्हणजेच मेंढी, चार मेंढ्यांसाठी तर सगळी मारामारी... ती वजा करायची हे अप्पांच्या गळी उतरेना. "आरं, मेंढीला वजा कसं धरू? लक्ष्मी हाय ती!" दश्शी आली रे आली की मोठ्यानं "अधिक" म्हणायचे, वर पत्ता हळूच स्वतःकडे ओढून घ्यायचे.

दोन-चार दिवसांत मात्र त्यांचा हात बसला. लहान पत्त्यानं मोठा पत्ता कापायचा आणि काय उरतं ते बघायचं, अशी युक्ती त्यांनी स्वतःच काढली. माझ्यापेक्षा कितीतरी भरभर.

तर रविवारी सकाळी अप्पांनी अख्खा कॅट मोजला आणि म्हणाले, एक उरला. परत पिसले, परत एक उरला. तिसऱ्यांदाही तेच... माझं उत्तर कधी शून्य, कधी वजा तीन, तरी शहाणपणा करत मी म्हणालो, "अप्पा, कुठेतरी चुकतंय तुमचं."

अप्पांनी पत्ते खाली ठेवले. "ऱ्हाऊ दे. आता नाय चालत डोकं." चेहरा एवढासा झाला हो त्यांचा... माझी जीभ का झडली नाही असं वाटलं मला.

बायको तिथेच मटार सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "डोकं चालत नसेल तर दर वेळी वेगळं उत्तर येईल ना? ह्यांचं येतं तसं! आधी कॅट पूर्ण आहे का ते बघा."

मोजला... एक्कावन्न पत्ते! रंग लावून पाहिले तर किल्वरची दश्शी गायब. एक वजा कमी पडत होता, म्हणून अप्पांचा एक उरत होता. अप्पा तिन्ही वेळा बरोबर होते, आणि ज्याचं शून्य आलं तो मी... जाऊ दे.

"मेंढीच गेलीय, मेंढी! तरी म्हनलं!" अप्पा लहान मुलासारखे हसत सुटले. आम्ही तिघंही हसलो.

संध्याकाळी खिडकी रिकामी दिसली म्हणून खाली डोकावलो. बाकावरून अप्पांचा आवाज येत होता, "हुकूम इस्पिक हाय! मला नका शिकवू, पडलेला पत्ता न पत्ता मोजलाय म्या!"

समोरचेही तावातावाने भांडत होते. मी तिथेच उभा राहून ऐकत राहिलो... डोळे भरून आले. अप्पांशी इतक्या मनापासून भांडल्याबद्दल त्या सगळ्या काकांचे आभार.