बदलापूरच्या गुराबेचा झेंडा

हर्णैहून निघालो तेव्हा माझ्या काखेत प्लॅस्टिकच्या पाइपात गुंडाळलेली अख्खी युद्धनौका होती. एसटीच्या कंडक्टरने विचारलं, "यात काय?" मी म्हटलं, "गुराब (मराठा आरमारातलं डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज), तोफांसकट." खेडपर्यंत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही.

चित्र एका बाजूने दिसणाऱ्या गुराबेचं होतं. जुनी चित्रं, जुनी वर्णनं आणि आमच्या बंदरातले म्हातारे सुतार पालथे घालून काढलेलं. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, लांब आणि खाली झुकलेली, कारण समोरच्या तोफा तिच्यावरून डागायच्या. वारा मागून, म्हणून शिडं पुढे फुगलेली आणि झेंडाही पुढेच फडकणारा. एक रेघ चुकीची निघाली तर मी समुद्र पिऊन दाखवीन, असं साऱ्या हर्णैला सांगून ठेवलं होतं.

माझा मावसभाऊ दिलीप बदलापूरला असतो. त्याच्या मंडळाने चौकात लोखंडी पत्र्यात कापलेली गुराब उभी करायची ठरवली होती. खाली नाव माझं येणार होतं. पत्र्यातली चूक पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते, म्हणून प्रत्येक मुक्कामी मी जातीने हजर राहणार होतो.

पहिला मुक्काम उल्हासनगर, कॅम्प चार. इथल्या गल्ल्या इतक्या चिंचोळ्या की पाइप आडवा धरला असता तर दोन्हीकडच्या दुकानांचं शटर पडलं असतं. चित्राची कटिंगची फाइल बनवणारे किशनभाई सिंधी. त्यांनी आधी दाल पकवान (कडक तळलेली पुरी आणि वर हरभऱ्याची डाळ) पुढे ठेवलं. मी ते खाईपर्यंत त्यांनी स्क्रीनवर माझी गुराब वरून-खालून ओढून फुगवली. डोंबाऱ्याच्या ढोलासारखी.

"हे काय केलंत?"

"साईं, शीट मोठी आहे. वर एवढी जागा रिकामी सोडली तर माल वेस्ट. आणि नाक बघा केवढा लंबा. थोडा शेपमध्ये आणला."

"नाक लांबच असतं तिचं."

"शादीचा फोटो असता तर पार्टीने पैसे दिले नसते," किशनभाई म्हणाले, आणि मी उठत नाही हे बघून माऊस हातात घेतला. गुराब पूर्ववत होईपर्यंत मी त्यांच्या खुर्चीमागे असा उभा होतो की त्यांच्या मानेला माझ्या श्वासाने पोळलं असेल.

दुसरा मुक्काम अंबरनाथ, आनंदनगर एमआयडीसी. कापणाऱ्या यंत्राचा आवाज असा की माझ्या दाढांतलं सिमेंट हललं. शिफ्टच्या सुपरवायझर कांबळे मॅडम मोठ्या अगत्याच्या. कॅन्टीनचा चहा आणि गरम वडे आणवले. झेंडा मुख्य पत्र्यात मावत नव्हता, म्हणून तो वेगळा कापून जागेवर बोल्टने बसवायचा ठरला. मी निघताना म्हणाल्या, "काका, टेन्शन घेऊ नका. झेंड्याची मिस्टेक मी पकडली."

"कसली मिस्टेक?"

"पुढे काढलाय तुम्ही. गाडी पुढे जाते तेव्हा झेंडा मागे उडतो ना?" त्यांनी झेंड्यावर खडूने मोठा बाण काढून 'मागे' असं लिहूनही ठेवलं होतं.

मी सांगितलं की गाडीला इंजिन असतं, जहाजाला वारा ढकलतो, मग वारा झेंड्याला मागे कसा सोडेल? त्या हसल्या. "बरं, जागेवर बघून घ्या." बाण मी रुमालाने पुसला. झेंडा टेम्पोत चढेपर्यंत कोणीतरी तो पुन्हा काढला.

बदलापूरला पोचलो तेव्हा चौकात खुर्च्या मांडून अख्खं मंडळ बसलं होतं. सगळे दरवर्षी जयंतीच्या बाइक रॅलीत भगवा लावून हिंडलेले. अध्यक्ष जनाशेठ, जुन्या आगरी घरातले, आवाज भोंग्यासारखा.

"दादा, झेंडा मागं जाईल," ते म्हणाले. "आमी वीस-वीस किलोमीटर झेंडा घेऊन गेलाव. कदी पुढं नाय आला."

मी रस्त्यावर समुद्र उभा केला. मांडवातला पंखा मागवला, त्याच्याकडे पाठ केली, रॅलीतला एक कापडी झेंडा हातात धरला आणि म्हटलं, "मी जहाज." झेंडा तडक पुढे उडाला. मी पुढे चाललो, तरी झेंडा पुढेच.

जनाशेठांनी नीट पाहिलं. "तो पंख्याचा वारा हाय. दर्याचा येगला."

"तुम्ही दर्या मला शिकवणार?"

"शिकवत नाय. मत घेतो."

आणि त्यांनी खरोखर मत घेतलं. वाऱ्याच्या दिशेवर. हात वर करून. झेंडा मागे, याला सगळे हात. त्यात दिलीपचाही. मी त्याच्याकडे पाहिलं तर म्हणाला, "दादा, मला इथंच राहायचंय."

मला असा संताप आला की तेवढ्या वाफेवर कर्जतपर्यंत मालगाडी गेली असती. पाना घेतलेला माणूस शिडीवर चढलाही होता. मग मी शांतपणे म्हटलं, "लावा मागे. फक्त खाली लिहा, 'पळून चाललेलं जहाज'. आरमारात माघार घेताना झेंडा मागे सोडत. शत्रूवर चाल करताना पुढे."

यात अक्षरही खरं नव्हतं. मी ते उभ्या उभ्या रचलं होतं.

जनाशेठ खुर्चीतून उठले. "ए, खाली उतर. झेंडा फिरव. पलपुटा जहाज लावताव काय आपुन?" आणि माझ्याकडे वळून, "आदी सांगायचं ना दादा. पंखा कशाला लावलास?"

झेंडा पुढे लागला. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला. मंडळाने गुराबेखाली पाटी लावली, त्यावर माझं खोटं ठळक अक्षरांत आणि त्याखाली 'माहिती' म्हणून माझं नाव. स्टेशनला सोडणारा रिक्षावाला मलाच सांगू लागला, "काका, जहाज पाहिलं का? झेंडा मागं केला तर तांडेलाला (जहाजाच्या कप्तानाला) कड्यावरून ढकलत."

"असं काही नव्हतं," मी म्हटलं.

"तुमी इथले नाय ना," तो समजुतीने म्हणाला.

घरी आल्यावर झोप येईना. मी दिलीपला फोन केला. म्हटलं, ती पाटी काढ, मंडळाला खरं काय ते सांग.

"सांगतो," दिलीप म्हणाला. "मग झेंडा फिरवतील. चालेल?"

मी फोन ठेवला. तेव्हा बदलापूरला गेलात तर त्या चौकात जरूर थांबा. नाळ पाहा, शिडं पाहा, झेंडा पाहा, एकही रेघ चुकीची सापडणार नाही. पाटी वाचून संताप आला तर माझ्यासारखा गिळा, आणि तिथे कोणापाशी एक शब्द बोलू नका.