जाऊबाईंची उसनवारी

माझ्या जाऊबाईंनी जिथून काही उसनं आणलेलं नाही असं एक तरी घर यवतमाळ शहरात कोणी शोधून दाखवावं, मी त्याला माझा मोठा स्टीलचा डबा बक्षीस देईन. अर्थात तो डबा सध्या माझ्याच घरी आहे की जाऊबाईंनी कुणाच्या घरची उसनी वस्तू परत करताना तिच्यासोबत तोही पाठवून दिला, हे आधी पाहावं लागेल. उसनं मागण्यात त्यांना लाज नाही, संकोच नाही, आणि गरज तर बहुतेक वेळा नसतेच. घरात दोन झारे असताना त्या तिसरा मागून आणतात. मी नेमकी याच्या उलट. शाळेच्या कार्यालयात मुख्य लिपिक म्हणून इतकी वर्षं काढली, आणि घरही मी कार्यालयासारखंच चालवते. मिठाचा एक पुडा उघडायच्या आधी दुसरा आणून ठेवलेला असतो. बाहेर पडताना पिशवीत छत्री, पेन, सेफ्टी पिना आणि भरलेली पाण्याची बाटली असते. शेजारी कधी विरजणसुद्धा मागितलेलं नाही. अशा बाईच्या नशिबी अशी थोरली जाऊ यावी, याला मी बरीच वर्षं परीक्षा समजत होते.

जाऊबाई नर्स म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा भासऱ्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, जाऊन वर्ष झालं होतं. आता त्या आमच्याकडे राहतील, दुपारी टीव्ही पाहतील आणि रविवारी शहरातल्या जुन्या दगडी चर्चमध्ये आपल्या ठरलेल्या बाकावर बसतील, असं माझ्या यादीत होतं. पण बायपासच्या बाजूला नवी वस्ती झाली होती. तिथे तेलुगू गवंडी होते, फरशी बसवणारे हिंदीवाले होते, तांड्यावरून कामाला आलेली बंजारा कुटुंबं, भाड्याच्या खोलीत राहून नर्सिंग शिकणाऱ्या कोलाम मुली, कचेरीत जाणारे लोक आणि कोपऱ्यावर गॅरेजवाले चाचा. त्यातल्या काही घरांत प्रभूचं नाव घेतलं जाई, पण आमच्या चर्चच्या पायऱ्या चढायला ती माणसं बुजत. जाऊबाईंनी चर्चच्या सभेत जाहीर केलं की त्या वस्तीत नवी मंडळी, म्हणजे प्रार्थनेला जमणारा समुदाय, उभी करायची. कमिटीनं उत्साहानं विचारलं, ब्लँकेटं वाटू या का? जाऊबाई म्हणाल्या, "काही वाटू नका. देणाऱ्याले लोक दारातूनच वाटंले लावते. मागणाऱ्याले घरात घ्या लागते. प्रभू येशूनं विहिरीवरच्या बाईले काय देल्लं आधी? पाणी मागतलं!"

दुसऱ्या दिवसापासून त्या वस्तीत पाणी मागत हिंडू लागल्या. त्यांना प्रत्येक भाषेतला हा एकच शब्द येतो. तेलुगूत नीळ्ळु, कोलामीत ईर, गोंडीत येर. पुढचं सगळं त्या वऱ्हाडीत बोलतात, आणि समोरच्याला कळतं अशी त्यांची पक्की समजूत आहे. नवल म्हणजे, त्याला कळतं. पाणी पिऊन झालं की भांड्याकडे पाहत म्हणायचं, "मोठी मस्त परात हाये व तुह्यापाशी. दोन दिवस देतं काय मले?" मग परत द्यायच्या निमित्तानं दुसरी फेरी. मुद्दाम उशीर केला की मालकीणच आपली वस्तू शोधत आमच्या घरी येई, आणि चहा घेऊन, गुडघ्याचं दुखणं सांगून, डोळे पुसून जाई. पुष्कळदा वस्तू न्यायची राहूनच जाई. माझ्या स्वयंपाकघरात परक्या घरांचे कुकर, कढया, चाळण्या आणि एक पाळणा जमा झाला तेव्हा मी वही घातली. वस्तू, घर, दिवस. जाऊबाई वही पाहून म्हणाल्या, "लिही बापा. तुले थंड वाटते तं लिही."

राळेगावकडचे एक शेतकरी मुलांच्या शिक्षणासाठी यवतमाळला राहत. वस्तीत त्यांचं सरकीचं गोदाम रिकामं पडलं होतं. जाऊबाईंनी तेही मागितलं, रविवारच्या सकाळपुरतं. तिथे आमची उपासना सुरू झाली. मी वेळापत्रक करून भिंतीला लावलं, ते पहिल्याच रविवारी निकामी झालं. एक कडवं मराठीत, तेच तेलुगूत, मग बंजारा बायांना आठवेल त्या चालीत, असं एक गाणं वीस मिनिटं चाले. सूर जाऊबाई लावत, आणि तो इतका वर लागे की पुढे जायला कुणाला जागाच उरत नसे. प्रार्थना त्या उघड्या डोळ्यांनी करतात. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जन्मभर वार्डात प्रार्थना केली मी. डोये मिटले तं सलाईन सरलेली कशी दिसंन?" हातात हात घेतला की बोटं आपोआप नाडीवर जातात, आणि तुमची विचारपूस संपायच्या आत तुम्हाला रक्त तपासायला पाठवलेलं असतं. त्यांच्या प्रार्थनेत जगाची शांती वगैरे येतच नाही. "प्रभू, गवंड्याच्या लक्ष्मीचा बिघडला मिक्सर चालू करून दे. अन् चाचाच्या पोरीचा पेपर हाये उद्या, थो पाह्यजो." चाचा उपासनेला येत नसत, पण गॅरेज समोरच असल्यामुळे त्यांना ऐकू जाई. ते तिथून मान हलवत.

असं सगळं मार्गी लागलेलं असताना एका रविवारी उपासना संपता संपता गोदामाचे मालक दारात उभे राहिले. सोबत वस्तीतले दोन गृहस्थ. मालक भला माणूस, पण चेहरा ओढलेला. म्हणाले, "बाई, मले लोक सांगून राह्यले का तुमी इथं वस्तू वाटता. गरिबायले आमिष दाखवून वळवता. मले झंझट नोको. महिना सरला का गोदाम खाली करा."

मी जमलेल्यांकडे पाहिलं. ज्यांना रविवारची एकच सुटी, अशी ती माणसं. गोदाम गेलं तर त्यांना दुसरं कोणी छप्पर देणार नव्हतं, आणि दगडी चर्चच्या पायऱ्या ती चढणार नव्हती. चार रविवारांत सगळी पांगली असती.

जाऊबाई मात्र खऱ्याखुऱ्या अचंब्यानं म्हणाल्या, "मी वाटतो? मी?"

मागून गवंड्याची बायको लक्ष्मी फिसकन हसली. मालकांनी तिलाच विचारलं, "काय देल्लं यायनं तुले?"

"देल्लं?" लक्ष्मी उसळली. "माह्या घरचा कुकर नेला ना जी! तीन महिने झाले. मी उघड्या गंजात भात शिजवून राह्यली!"

"आमची चाळणी," बंजारा म्हातारीनं आवाज दिला. कोलाम मुलींपैकी एक हळूच म्हणाली, "इस्त्री." समोरून गॅरेजमधून चाचा ओरडले, "मेरी सीढ़ी! दिवाली से पहले की!"

मला एकदम वही आठवली. पिशवीतून काढली, चष्मा लावला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशी वाचू लागले. कुकर, शिडी, चाळणी, इस्त्री, दोन पाट, पाळणा. सतराव्या ओळीवर पुरणयंत्र आलं. ते मालकांसोबत आलेल्या दोघांपैकी उंच गृहस्थांच्या घरचं होतं. मी नाव वाचलं. त्यांनी चमकून म्हटलं, "म्हणजे होळीला आमच्याकडे पुरण पाट्यावर वाटलं ते...?" दुसरे गृहस्थ आपला खलबत्ता यादीत यायच्या आत दोन पावलं मागे सरकले. पण माझी नजर पुढच्या पानावर गेली होती आणि आवाज जरा अडखळला.

"वाचा ना," मालक म्हणाले.

"मोठी सतरंजी. तुमच्या सौभाग्यवतींनी दिलेली. आपण आत्ता तिच्यावरच उभे आहोत."

मालकांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे खांदे हलू लागले आणि ते हसत हसत त्याच सतरंजीवर मटकन बसले. "अन् वाटलं काहीच नाही?"

"वाटाले काय हाये माह्यापाशी?" जाऊबाई म्हणाल्या. "गुडघेदुखी? नेता काय थोडी?"

मालक डोळे पुसत उठले. "राहू द्या गोदाम," एवढंच म्हणाले. यावर कुणीही आभार मानून गप्प बसलं असतं. जाऊबाई म्हणाल्या, "भाऊ, आलेच हा तं एक मांगू काय? तुमच्या माडीवर जुना पंखा पडून हाये म्हणते." पंखा पुढच्या रविवारी आला. बसवायला चाचांचीच शिडी लागली.

मंडळी आता आपल्या पायांवर उभी आहे. लक्ष्मीचा नवरा तेलुगूत वचन वाचतो, कोलाम मुली गाणं सुरू करतात, आणि सूर माणसांच्या आवाक्यात लागतो. हे सगळं जमतंय असं दिसताच जाऊबाई निघाल्या पांढरकवड्याला. हमरस्त्यालगत ट्रकवाल्यांची, मजुरांची वस्ती वाढते आहे. मी म्हटलं, या वयात, तिथे तुमच्या ओळखीचं कोण आहे? "कोणीच नाही!" त्या म्हणाल्या, मेजवानीचं बोलावणं आल्यासारख्या. एसटी स्टँडवर मी त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली ठेवली. त्यांनी ती काढून माझ्या हातात दिली. "पाणी संगं नेलं तं मांगू कोणाले? अन् सुनंदा, वस्तीत थे शेवटची खोली हाये ना, तिथं नवी बिऱ्हाडकरू आली. तू जाजो."

मागं राहिलेल्या वस्तू परत करत मी घरोघर फिरले. निम्म्या लोकांनी घेतल्याच नाहीत. "राहू द्या तुमच्यापाशीच, येत जाऊ आम्ही," म्हणाले. मी वहीत त्या ओळी खोडल्या नाहीत. आमच्या घरात माणसांची ये-जा या उसनवारीनं आणली, आणि ज्याला मी इतकी वर्षं परीक्षा म्हणत होते त्याबद्दल प्रभूचे आभार मानायला मला फार उशीर झाला, एवढं मात्र शेवटच्या पानावर लिहून ठेवलं.

शेवटच्या खोलीकडे मी परवा गेले. तीनदा दारावरून पुढे गेले आणि परत आले. शेवटी कडी वाजवली. दारात एक तरुण बाई आली, कडेवर मूल. ही कोलामांच्या पोडावरची, म्हणजे पाड्यावरची, असं ऐकलं होतं, म्हणून घरी घोकलेला शब्द मी कसाबसा उच्चारला, "ईर."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "पाणी पाह्यजे काय, काकू? मंग या ना अंदर. उन्हात काहून उभ्या?"

ती तांब्या भरायला वळली. मी पिशवीतली भरलेली बाटली छत्रीखाली ढकलली आणि आत जाऊन बसले.