साडूभाऊंचा निर्दोष पंप

पत्रांपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हे नीट जमेल असं वाटत नाही. पण साडूभाऊ स्वतः ही हकिकत कधीच सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

साडूभाऊ म्हणजे माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. उभा जन्म शाळेत भूमिती शिकवली. गाडी मेकॅनिककडे नेणं म्हणजे आपलं गणित शेजाऱ्याकडून सोडवून घेणं, असं त्यांचं मत. गाडी बिघडली की ते वही काढतात. डावीकडे लक्षण, उजवीकडे संशयित. काढलेला प्रत्येक जुना पार्ट फडक्यात गुंडाळून कपाटात चादरींखाली जातो. मेहुणीला अंथरूण घालताना कधी प्लग सापडतो, कधी पट्टा.

गेल्या वर्षी गाडीनं नवा हट्ट धरला. अर्धा तास छान पळायची, मग आचके देऊन बंद. साडूभाऊ उतरत, टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल आहे ना ते बघत, झाकण लावत, मग बॉनेट उघडून पेट्रोलच्या पंपावर पान्यानं तीन टिचक्या मारत. गाडी सुरू. त्यावरून पंप दोषी ठरला. मलाही पटलं. मला त्यातलं काही कळत नाही, त्यामुळे चटकन पटतं.

मेहुणी तिसऱ्यांदा भर चौकात अडकली तेव्हा तिनं निकाल दिला. रविवारी गिऱ्हाईक येणार. शनिवारी गाडी टेकडीवर जाऊन न थांबता परत आली तर राहील, नाहीतर जाईल. साडूभाऊंचं जेवण निम्म्यावर आलं. मुलगी जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी आणलं ते याच गाडीतून.

पंप शोधायला आम्ही दोघं निघालो. या गाडीचे पार्ट यायचे बंद होऊन जमाना झाला होता. पहिल्या दुकानदारानं आत जाऊन वडिलांना विचारलं. ते आतूनच म्हणाले, मिळायचा, मला केस होते तेव्हा. शेवटी जुन्या गाड्या मोडणाऱ्याच्या ढिगाऱ्यात तसाच पंप सापडला.

"गाडी अजून चालते?" मोडणाऱ्यानं कौतुकानं विचारलं.

"अर्धा तास," साडूभाऊ प्रामाणिकपणे म्हणाले.

शनिवारी तो पंप बसवून निघालो. मी पुढे बसलो आणि मेहुणी मागे, परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला बसावं तशी. टेकडी अर्धी चढलो आणि गाडीनं आचके दिले. हाही पंप तसलाच निघाला, असं पुटपुटत साडूभाऊंनी सवयीनं मागे जाऊन झाकण उघडलं.

"अहो, तो फुस्स आवाज कसला?" मेहुणीनं खिडकीतून डोकं काढलं.

"काही नाही गं. पेट्रोल बघतोय."

"दर वेळी तुम्ही झाकण उघडता, फुस्स होतं, मग गाडी सुरू होते. आज पान्याला हात लावू नका. या आणि सुरू करा."

त्यांनी चावी फिरवली. गाडी सुरू झाली. साडूभाऊंनी ती बंद केली आणि मागे जाऊन ते झाकण उलटं करून बघितलं.

मूळ झाकण हरवल्यावर त्यांनी दुसऱ्याच गाडीचं ढगळ झाकण आणलं होतं. ते घट्ट बसावं म्हणून आत सायकलच्या ट्यूबचं रबर कापून असं चपखल बसवलं होतं की टाकीत हवा शिरायलाही वाट उरली नव्हती. हवा आत जाईना, म्हणून पेट्रोल बाहेर येईना. पंप बिचारा ओढून ओढून दमायचा. झाकण उघडलं की हवा आत जायची आणि श्रेय टिचक्यांना मिळायचं.

"ते रबर कोणी बसवलं?" मेहुणीनं विचारलं.

कापताना ते मी धरलं होतं, असं मी सांगू लागलो.

"भावोजी, तुम्ही थांबा."

वहीत अकरा संशयित होते, त्यांत साडूभाऊंचं नाव नव्हतं.

"मी," ते म्हणाले. एवढ्या संसारात हा शब्द या सुरात तिनं पहिल्यांदाच ऐकला असावा.

तिनं उतरून स्वतः ते रबर उपटलं. आपल्या निदानावर तिचा इतका विश्वास, की तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. गाडी ठीक आहे, म्हणाली, दोष यजमानांत निघाला आणि ते विकायचे नाहीत.

घरी वळवू का, साडूभाऊंनी हळूच विचारलं.

"वर चला," ती म्हणाली आणि पुढचं दार उघडून उभी राहिली. मी मागे जाऊन बसलो.